मार्सेयला एकच दिवस, सोबत आई-बाबा. कोणती स्मारकं बघावीत?

परळचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन फ्रान्सला चाललोय. पॅरिसचं सगळं टूरवाल्यांनी ठरवलंय पण मार्सेयला एक अख्खा दिवस मोकळा मिळतोय. बाबांचं एकच टुमणं, सावरकरांनी उडी मारली ते बंदर बघायचं. मला जुने किल्ले, चर्च वगैरे आवडतात, आणि आईचे गुडघे दुखतात त्यामुळे जास्त चढ नको. कसं बसवू हे सगळं?

भटकी_दादरकर:
सकाळी व्यू-पोर म्हणजे जुन्या बंदरावरून 60 नंबरची बस पकड, ती टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चला जाते, वर थोड्या पायऱ्या आहेत पण आईंना सावकाश जमेल. आत मान वर करून बघ, छतापासून जहाजांची छोटी छोटी मॉडेल्स लोंबतायत, खलाशांनी नवस फेडलेले, आपल्याकडे माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहतात ना, अगदी तसंच. बाहेरच्या भिंतीवर 1944 च्या लढाईतले गोळ्यांचे खड्डे अजून आहेत. खाली उतरताना रस्त्यातच जान दार्क नावाचा रणगाडा उभा आहे, 25 ऑगस्ट 1944 ला फ्रेंच सैन्य ही टेकडी घेत असताना जर्मनांनी उडवलेला. बरेच जण गाडीतून तसेच पुढे निघून जातात, तू उतर.
शातो दिफ मला आवडतो, सोळाव्या शतकातला बेटावरचा किल्ला, पुढे तुरुंगच झाला. पण वारा सुटला की बोट बेटाला लावत नाहीत, एकाच दिवसात ती रिस्क घेऊ नकोस.

जुना_गोदीवाला:
बाबांसाठी सांगतो. व्यू-पोरला उभं राहून "इथेच" म्हणू नका. तेव्हाही मोठी जहाजं उत्तरेला, जोलिएतकडच्या गोदीत लागायची. 8 जुलै 1910, जहाज मोरिया, सावरकरांना लंडनहून मुंबईला खटल्यासाठी आणत होते. पोर्टहोलमधून उडी मारून पोहत धक्क्यावर आले, पण फ्रेंच पोलिसाने पकडून परत ब्रिटिशांच्या हवाली केलं. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं आणि फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल काय, तर पकडून देण्यात अनियमितता झाली खरी पण ब्रिटनने परत पाठवायची गरज नाही! मला हे उडीपेक्षा जास्त खटकतं. मार्सेयला स्मारक व्हावं ही मागणी जुनीच आहे.
पण मंडळी, माझारग विसरू नका. 1914 च्या सप्टेंबरमध्ये मुंबई-कराचीहून निघालेली आपली पलटणं मार्सेयलाच उतरली होती, थेट फ्रान्सच्या खंदकांत जायला. माझारगच्या युद्ध-स्मशानभूमीत आपल्या जवानांची थडगी आहेत, वेगळं भारतीय स्मारकही आहे, 1925 चं. सपाट जागा, आईंना त्रास नाही. बसच्या भानगडीत पडू नका, टॅक्सी करा.

परळचा_पोरगा:
काका, माझारगचं माहीतच नव्हतं! शातो कॅन्सल मग. बाबांना वाचून दाखवलं तर आता हेगच्या निकालाचे पेपर शोध म्हणून मागे लागलेत. माझारगला फुलं नेलेली चालतात का?

भटकी_दादरकर:
हो, नेतात लोक. सकाळीच शहरात घेऊन ठेव. आणि सेंट-जां किल्ल्याच्या पायथ्याशी जर्मनांच्याच बंकरमध्ये हद्दपार केलेल्यांचं स्मारक आहे, 1943 मध्ये जर्मनांनी जुन्या बंदराची अख्खी वस्ती रिकामी करून सुरुंगांनी उडवली होती, तेही कळतं तिथे. छोटंसं आहे, म्युझियम नको म्हणून टाळू नकोस.