मदत हवी आहे: विमान उतरता उतरता पुन्हा वर का गेलं, हे वडिलांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

इथे कुणी वैमानिक, एटीसीत (हवाई वाहतूक नियंत्रणात) काम करणारे किंवा विमान कंपनीत डिस्पॅचचं, म्हणजे उड्डाणाच्या नियोजनाचं काम पाहणारे असतील तर त्यांची मदत हवी आहे. वडिलांना सप्टेंबरात तपासणीसाठी पुन्हा मुंबईला न्यायचंय. मणक्याचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे रेल्वेचा रात्रभराचा प्रवास डॉक्टरांनी नको म्हटलंय, आणि विमानात बसायला बाबा साफ नाही म्हणतात.

झालं असं की जुलैत आई-बाबा संध्याकाळच्या विमानाने मुंबईहून नागपूरला येत होते. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले. मी गाडी घेऊन नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर थांबलो होतो. विजा अशा कडाडत होत्या की पार्किंगमधल्या गाड्यांचे हॉर्न आपोआप वाजत होते. विमान बराच वेळ वरच घिरट्या घालत राहिलं, मग उतरायला आलं, चाकं बाहेर आली, आणि अगदी खाली आल्यावर एकदम जोरात आवाज करून पुन्हा वर गेलं. तिथून थेट हैदराबाद. तिथे इंधन भरून मध्यरात्रीनंतर नागपूर. आई फाइलची पिशवी छातीशी धरून रामरक्षा म्हणत बसली होती. बाबा खिडकीशी होते.

तेव्हापासून त्यांचं एकच: "खालचे दिवे दिसत होते मले. रोडवरच्या गाड्या दिसत होत्या. मंग उतरला काहून नाही तो? पोराले जमलं नसंन. अन् एवढ्या चकरा मारल्या, मधातच तेल संपलं असतं तं?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना नुसतं "काही होत नाही बाबा" म्हणून उडवून लावायचं नाहीये. मी वाचून-विचारून जे समजून घेतलं ते लिहितो. जाणकारांनी तपासून पाहावं आणि खालच्या प्रश्नांवर प्रकाश टाकावा.

आधी दिसण्याचं. बाबा बाजूच्या खिडकीतून जवळपास सरळ खाली बघत होते, म्हणजे मध्ये पावसाचा काहीशे फुटांचाच थर. वैमानिकाला समोर, तिरकं, पावसाच्या कितीतरी लांब पट्ट्यातून धावपट्टी शोधायची असते. धावपट्टीशेजारी दृश्यमानता मोजणारी यंत्रं असतात. रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीकडे आणणाऱ्या यंत्रणेला आयएलएस म्हणतात; तिच्या साध्या, म्हणजे कॅट-१ प्रकारात ही दृश्यमानता साधारण ५५० मीटर तरी लागते. विमान १००० फुटांवर येण्याआधीच आकडा किमान मर्यादेखाली गेला, तर पुढे खाली यायचंच नाही. १००० फुटांखाली आल्यावर आकडा घसरला तर २०० फुटांपर्यंत येता येतं, पण तिथे धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर वर जायचं. "अजून थोडं खाली जाऊन बघू" हा पर्यायच नाही.

आणि दिवे दिसले म्हणून भागत नाही. गडगडाटी ढगाखालून वारा धो धो खाली कोसळतो आणि जमिनीला आपटून चहूकडे पसरतो. त्यात शिरताना विमानाला समोरून वारा लागतो, ते वर उचललं जातं. काही सेकंदांत तोच वारा मागून लागतो आणि पंखांची उचल एकदम कमी होते. २ ऑगस्ट १९८५ ला अमेरिकेत डॅलसला उतरणारं एक मोठं विमान असंच धावपट्टीच्या अलीकडे आपटलं. त्यानंतर विमानांत आणि विमानतळांवर अशा वाऱ्याची सूचना देणारी यंत्रणा आली. ती वाजली की वैमानिकाने पूर्ण जोर देऊन वर जायचं असतं. बाबांनी ऐकलेला तो मोठा आवाज म्हणजे इंजिनांना दिलेला जोर.

वर जाणं, म्हणजे गो-अराउंड, हा कमीपणा मानत नाहीत. आपल्या डीजीसीएचंही (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं) धोरण असं आहे की गो-अराउंड केल्याबद्दल वैमानिकावर कारवाई करायची नाही. हे ऐकून बाबा पहिल्यांदा गप्प झाले. मग मी त्यांना २०२१ च्या सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यात उमरखेडजवळ नाल्याच्या पुरात वाहून गेलेली एसटी आठवून दिली. पुलावरून पाणी वाहताना मागचे प्रवासी कितीही ओरडले तरी जो ड्रायव्हर गाडी मागे घेतो, त्याला तुम्ही काय म्हणाल? "शहाणा म्हणीन," म्हणाले. तेवढं पटलंय. अडलंय ते इंधनापाशी.

तिथलं मला समजलेलं असं. निघतानाच हिशोब होतो: जमिनीवर चालण्यापुरतं, प्रवासापुरतं, अंदाज चुकला तर म्हणून प्रवासाच्या इंधनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास, ठरवलेल्या दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरतं, आणि या सगळ्यानंतर १५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं. ही शेवटची ३० मिनिटं जेट विमानासाठी, आणि ती हात न लावता शिल्लक ठेवूनच उतरायचं असतं. वर हवामान बघून कॅप्टन स्वतःच्या अधिकारात आणखी मागून घेऊ शकतो. म्हणजे हैदराबादला जाण्याचं इंधन मुंबईत विमान निघालं तेव्हाच पोटात होतं.

"मंग टाकी फुल काहून नाही करत?" हा पुढचा प्रश्न आलाच. एअरबस ए३२० सारखं विमान साधारण ७८ टनांपर्यंत वजन घेऊन उडू शकतं, पण उतरताना ते जास्तीत जास्त ६६ टनांच्या आसपासच असावं लागतं. मुंबई-नागपूर एवढ्याशा अंतरात भरलेली टाकी जळत नाही, शिवाय जास्तीचं वजन वाहून नेण्यातच आणखी इंधन जातं. ओल्या धावपट्टीवर जड विमान थांबायलाही जास्त अंतर घेतं.

बाबांची भीती पोकळ मात्र नाही, हे मी त्यांच्यापासून लपवणार नाही. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेल्या विमानाला खराब हवामानामुळे तासाभराहून जास्त वेळ घिरट्या घालायला लावलं. पहिला प्रयत्न फसला आणि दुसऱ्यांदा येताना इंधन संपून ते लाँग आयलंडवर पडलं. १५८ पैकी ७३ जण गेले. वैमानिकांनी "प्राधान्य द्या", "इंधन संपत आलंय" असं म्हटलं होतं, पण आणीबाणी जाहीर केली नव्हती. आता शब्द ठरलेले आहेत. "मिनिमम फ्युएल" म्हटलं की आणखी उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागेल. "मेडे फ्युएल" म्हटलं की राखीव इंधन शाबूत ठेवून उतरणं आता शक्य नाही, वाट मोकळी करा. आपल्याकडे १८ ऑगस्ट २०१५ ला दोहाहून कोचीला आलेलं विमान कोचीत उतरू शकलं नाही, तिरुवनंतपुरमलाही पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागले, आणि अखेर उतरलं तेव्हा अगदीच थोडं इंधन उरलं होतं. माणसं सुखरूप राहिली. पण हे वाचल्यावर मलाही झोप लागली नाही.

म्हणून माझे प्रश्न:

घिरट्या घालताना "आता नागपूर सोडायचं" हा क्षण प्रत्यक्षात कसा ठरतो? तेवढं इंधन उरलं की निघायचं असा आकडा आधीच लिहून ठेवता, की ढग सरकताना दिसत असेल तर शेवटपर्यंत थांबता? आणि "अजून पाच मिनिटं" हा मोह कॉकपिटमध्ये कोण मोडतो? को-पायलट कॅप्टनला खरंच अडवतो का?

दुसरं, पर्यायी विमानतळ निवडताना तिथेही तोच पाऊस असू शकतो, हे कसं धरता? पावसाळ्यात झडी लागली की आमच्याकडे अख्खा पट्टाच एकदम भिजतो.

तिसरं अगदी व्यवहाराचं. विदर्भात गडगडाटी ढग दुपारनंतर चढतात हे वावरात राबणाऱ्या कुणालाही माहीत आहे. म्हणून सकाळी पहिल्या विमानाचं तिकीट काढायचा विचार आहे. तुमच्या अनुभवात सप्टेंबरात सकाळची वेळ खरंच बरी असते का?

आणि एक विनंती. माझं सांगणं बाबांना पोराचं सांगणं वाटतं. स्वतः विमान चालवणारं कुणी त्यांच्याशी फोनवर पाचेक मिनिटं मराठीत बोललं, तर फार उपकार होतील. ते आधी पिकाचं विचारतील, मग तेलाचं. कुणाला जमत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तुमच्या सोयीच्या वेळी मी फोन लावून देईन. तिकीट या महिनाअखेर काढायचं आहे.