बी विंगच्या गच्चीवर कोणता पक्षी बसलाय?

वैशाली बी-702: गच्चीवर टाकीजवळ मोठ्ठा पक्षी बसलाय. हुसकलं तरी उडत नाही, नुसता बघतो. फोटो टाकलेत. कोणी ओळखेल का?

मिलिंद ए-101: सीगल. वर्सोव्याला ढिगाने असतात.

ऋजुता ए-304: मिलिंददादा, भर जुलैत सीगल कुठले? ते थंडीत येतात आणि उन्हाळ्यात परत जातात. शिवाय आकार बघा, शेजारची बादली लहान दिसतेय.

शिंदे काकू: गिधाड नाही ना गं? घरावर बसलेलं चांगलं नसतं म्हणे.

ऋजुता ए-304: नाही हो काकू. वैशालीताई, पायांचा फोटो मिळेल का? लांबूनच काढा, चोच डोळ्यांवर मारतात.

वैशाली बी-702: हा घे. बदकासारखे पडदे आहेत.

ऋजुता ए-304: बदकाच्या पुढच्या तीन बोटांतच पडदा असतो. इथे मागचं चौथं बोटही पडद्यात आहे. आता चोच झूम करा, नाकपुड्या दिसतात का?

वैशाली बी-702: नाहीत गं! सगळी सपाट.

ऋजुता ए-304: मग बूबी, म्हणजे समुद्रपक्षी. डोकं-पाठ तपकिरी, पोट पांढरं आणि मानेमागे पांढरी पट्टी, म्हणजे मास्क्ड बूबी, अजून लहान आहे. ब्राऊन बूबीला ती पट्टी नसते, तिचा तपकिरी रंग गळ्यावरून थेट छातीपर्यंत उतरतो. हा मोठा झाला की अंग पांढरं, शेपटी काळी आणि चेहऱ्यावर काळा मुखवटा. पंख पसरले तर पाच फुटांच्या आसपास.

तांडेल काका: हा खोल समुद्रातला. किनाऱ्याला सहसा नाय दिसत, बोट लांब गेली की दिसतो. वरून सरळ पाण्यात घुसतो. पाखरू माशावर लई जीव त्याचा, ते उडणारे मासे.

मिलिंद ए-101: मग इथे काय करतोय?

तांडेल काका: वारा बघितला का दोन दिवसांचा? दमला असेल. मासेमारीला बंदी उगाच नसते पावसाळ्यात.

शिंदे काकू: एकटंच आलं बिचारं. भावंडं नसतील का? दूध-पोळी देऊ?

ऋजुता ए-304: काकू, दूध-पोळी नको, मासाही नको. जबरदस्तीने पाणी पाजलं तर फुप्फुसात जाईल. भावंडांचं म्हणाल तर अंडी बहुतेक दोन असतात, पण वाढतं एकच. काही दिवसांच्या फरकाने फुटतात, आणि थोरलं धाकट्याला घरट्याबाहेर ढकलतं. आईबाप मध्ये पडत नाहीत.

शिंदे काकू: अगं बाई! म्हणजे आमच्या गावच्या जमिनीचंच प्रकरण की.

मिलिंद ए-101: वॉचमन वर पोचलाय. म्हणतोय चोचीला रबर लावतो आणि खाली आणतो.

ऋजुता ए-304: नको नको!! थांबवा त्याला. नाकपुड्या बाहेरून बंदच असतात, सूर मारताना पाणी शिरू नये म्हणून. श्वास तोंडातूनच घेतो. चोच बांधली तर गुदमरून मरेल.

वैशाली बी-702: थांबवलं. आता?

ऋजुता ए-304: जाड टॉवेल अंगावर टाका, पंख मिटवून धरा, चोच चेहऱ्यापासून लांब ठेवा. भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यात ठेवा आणि अंधार करा. कठड्यावरून उडवून द्यायचं नाही, समुद्रावर नेऊन सोडायचंही नाही. अंगात त्राण असतं तर तो इथे बसलाच नसता. मी 1926 ला फोन लावतेय, वन विभागाची हेल्पलाइन.

तांडेल काका: टॉवेल मी टाकतो. पोरांना गच्चीवरून खाली पाठवा आधी, आणि सेल्फी बंद.

वैशाली बी-702: आमच्या वॉशिंग मशीनचा खोका आहे, आणते.

ऋजुता ए-304: फोन लागला. माणसं पाठवताहेत. तोवर खोका पुन्हा पुन्हा उघडून बघू नका.

कुलकर्णी (सेक्रेटरी): बी विंगची लिफ्ट बंद आहे, खोका जिन्याने आणावा लागेल. दोघांनी धरा. आणि गेटसमोर पांढरी गाडी कोणाची आहे? लगेच काढा, त्यांची जीप आत यायची आहे.