नवोदयची परीक्षा हुशारी मोजते की क्लासची तयारी?

माळरान:
निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या चौकात क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात. पोरांचे पासपोर्ट फोटो बारके आणि मधोमध सरांचा हा एवढा! जवाहर नवोदय विद्यालयं म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळा, १९८६च्या शैक्षणिक धोरणातल्या, खेड्यातल्या हुशार पोरांसाठी. पहिल्या दोनांतलं एक आपल्या अमरावतीचं. दर विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण. कागदावर चोख. पण ग्रामीण कोण? तर तिसरी ते पाचवी खेड्यातल्या शाळेत शिकलेला. मग शहरात बंगला असलेले साहेब लेकराचं नाव जवळच्या खेड्यातल्या शाळेत घालतात आणि संध्याकाळी शहरात क्लास लावतात.

आता पेपर बघा. ८० पैकी ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, आणि त्यांना १०० पैकी ५० गुण. गटात न बसणारी आकृती, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल. रोज घोटून घेतलं की हे कुणालाही जमतं. ज्याने ही आकृती थेट परीक्षेतच पाहिली, त्याने काय करायचं? दुसऱ्यांदा बसताही येत नाही. या दोघांना एकाच यादीत लावणं मला तरी अन्याय वाटतो.

खडू_फळा:
‘कुणालाही जमतं’ हे वर्गात न गेलेला माणूसच लिहू शकतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. जादा तासाला कागदाची खरोखर घडी घालतो, पंचिंग मशीनने भोक पाडतो, पोरांच्या हातात देतो. महिनाभराने काही पोरं कागद न उघडता उत्तर सांगतात, काहींची भोकं शेवटपर्यंत भलत्याच बाजूला जातात. फरक असतोच.

आणि परीक्षा नको तर काय हवं? मुलाखत? शिक्षकांची शिफारस? पहिल्याच वर्षी सभापतींचा फोन येईल, ‘गुरुजी, आपल्या भाच्याचं बघा.’ मराठीतून पेपर, ओएमआर शीट, समोर कोणाचा पोरगा बसलाय ते मशीनला कळत नाही. एवढी एक जागा वशिल्याविना उरलीय, ती तरी राहू द्या.

रानजाई:
तुम्ही दोघं पेपरात बसलेल्यांबद्दलच भांडताय. बीडकडच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, परीक्षा डिसेंबर-जानेवारीत. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहिली ती पोरं शाळेत दिसतात, बाकीची फडावर. तिसरी ते पाचवी पूर्ण सत्र शाळेत हजर हवं, ही अट तर तिथेच कोलमडते. वर फॉर्म ऑनलाइन, त्याला मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र. आजीला ओटीपी कोण वाचून दाखवणार? मुलींना एक तृतीयांश जागा आहेत म्हणे. फॉर्मच भरला नाही तर त्या जागा काय चाटायच्या?

दूरदेशी:
अमेरिकेतलं उदाहरण देतो. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत हुशार मुलांच्या वर्गासाठी आधी पालक किंवा शिक्षकांनी नाव सुचवावं लागे. २००५च्या सुमारास त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घेतली. गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची निवड चांगलीच वाढली. ही मुलं आधीही तिथेच होती, कुणी नाव सुचवत नव्हतं. पुढे पैशांच्या ओढाताणीत हे बारगळलं, तेही सांगायला हवं. रानजाईंचा मुद्दा हाच आहे.

गणितवेडा:
आणि शहरातल्या झोपडपट्टीतल्या पोरानं काय करायचं? तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेत गेला तरी तो शहरी. बंगलेवाला ग्रामीण आणि झोपडपट्टीतला शहरी, वा!

माळरान:
पाचवीतल्या प्रत्येकाला फॉर्मशिवाय बसवा, मान्य. पण त्याने क्लासचा फायदा जात नाही. म्हणून निवड करताना पोराला त्याच्याच शाळेतल्या पोरांशी ताडून बघा. पाड्यावरच्या शाळेत पहिला आला त्याची जागा पक्की, मग मार्क तालुक्यापेक्षा कमी का असेनात.

खडू_फळा:
म्हणजे पुढच्या जूनमध्ये तुमचे तेच साहेब लेकराचा दाखला घेऊन पाड्यावरच्या शाळेत हजर! दहा पटाच्या शाळेत पहिलं यायला असा कितीसा क्लास लागतो? तिथलं खरं हुशार पोर मग दुसरं येईल, आणि या वेळी नियमानेच बाहेर राहील.