कॅसेट लावण्याआधी
मुंजीच्या मिनी डीव्ही कॅसेट (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल टेप) कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या, या प्रश्नावर यूएसबीने घ्या असं कुणी सुचवलंय, ते नको. बहुतेक कॅमेऱ्यांत यूएसबीवरून पूर्ण दर्जाचं चित्र येत नाही, फायरवायरच (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची वेगळी केबल) हवी. तासाला साधारण १३ जीबी जागा धरा. डिस्कचा फॉरमॅट (फाइल साठवायची पद्धत) एफएटी३२ असेल तर ४ जीबीला फाइल अडते, तो एनटीएफएस करून घ्या.

कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पळवून परत मागे आणा, वर्षानुवर्षं पडून घट्ट बसलेली टेप मोकळी होते. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र लावूच नका. ताईच्या लग्नातली मंगलाष्टकं आमच्याकडे आधी नुसती चौकोन-चौकोन दिसत होती. कॅमेऱ्याचं हेड (टेप वाचणारा भाग) साफ केल्यावर दुसऱ्या फेरीत अंतरपाटसुद्धा स्पष्ट आला! आणि हो, कॅप्चर (टेप कॉम्प्युटरवर उतरवणं) चालू असताना लॅपटॉपचा स्लीप मोड बंद ठेवा.