छातीच्या पट्ट्यातील वाहक धागा धुलाईत का टिकत नाही?

प्रश्न :
हृदयाचे विद्युत संकेत टिपणारा, छातीभोवती बांधायचा विणलेला पट्टा आम्ही महाविद्यालयीन प्रकल्पासाठी तयार करत आहोत. त्यात चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन धागा वापरला आहे. नवा असताना संकेत स्वच्छ मिळतात. परंतु वॉशिंग मशीनमध्ये काही वेळा धुतल्यावर रोध वाढतो आणि कधी प्रवाहच खंडित होतो. स्टेनलेस स्टीलचा धागा घ्यावा, की मुलाम्यावर संरक्षक लेप द्यावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
धागा बदलण्यापूर्वी बिघाड नेमका कुठे आहे, हे मल्टिमीटरने शोधावे. रोध पट्टाभर सारखाच वाढला असेल, तर मुलामा झिजतो आहे. धुताना नायलॉन ताणला आणि पिळला जातो, त्याच्याइतकी ताणली न जाणारी चांदी तडकते आणि घर्षणाने तिचे कण सुटतात. त्यात पावडरमध्ये ब्लीच असेल, तर चांदीचे ऑक्सिडीकरणही होते. म्हणून ब्लीचविरहित, सौम्य द्रव साबण वापरावा. रोध एकाच जागी वाढला असेल, तर मात्र संशय सांध्यावर घ्यावा, कारण मऊ धागा जिथे टिचबटणाला किंवा सर्किटला जोडला जातो, तिथेच सगळा ताण एकवटतो. तिथे धाग्याला थोडी ढील ठेवून टाके अनेकदा फिरवावेत आणि सांध्यावर पॉलियुरेथेनची पातळ फिल्म कापडावर थोडी पुढेपर्यंत चिकटवावी. हीच फिल्म संकेत वाहून नेणाऱ्या धाग्यालाही उपयोगी पडते. त्वचेला टेकणारा भाग मात्र उघडाच हवा.

प्रतिसाद २ :
स्टीलमध्ये तंतूच धातूचा असल्याने झिजायला मुलामा नसतो. त्याची रोधकता चांदीच्या सुमारे ४५ पट असली, तरी आपल्या कामात प्रवाह अत्यल्प आणि प्रवर्धकाचा (संकेत मोठा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा) प्रवेश-रोध, म्हणजे संकेत आत येताना होणारा रोध, फार मोठा असल्याने तेवढे चालते. दिवे पेटवायचे असते, तर मी हा सल्ला दिला नसता. साधा फ्लक्स (सोल्डर धातूला चिकटावे म्हणून लावतात तो पदार्थ) वापरून स्टीलवर सोल्डरचा डाग बसत नाही, म्हणून धातूच्या क्लिपेने दाबून जोडावे. टाक्याची ठेवणही तितकीच महत्त्वाची आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठात २०२१ मध्ये कार्बन नॅनोट्यूबचा (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा) धागा शर्टात नागमोडी शिवून ईसीजी घेण्यात आला. कापड ताणले, तरी नागमोडी टाका केवळ उलगडतो आणि धाग्यावर ओढ येत नाही.

प्रतिसाद ३ :
अशा कपड्यांच्या धुलाई-चाचणीसाठी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) या संस्थेचे ६३२०३-२०४-१ हे मानक आहे, ते प्रकल्प-अहवालासाठी अवश्य पाहावे. प्रत्येक धुलाईनंतर पट्टा पूर्ण वाळवून, सैल आणि ताणलेल्या अशा दोन्ही अवस्थांत रोध नोंदवावा. सैल पट्ट्यात तडा पुष्कळदा लपून राहतो.