लॅपटॉपवर मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय वाचायला चांगलं ॲप कोणतं?

पाखरवेडी:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. मी पक्षी बघते, सुट्टीला दुर्बीण घेऊन बाहेर आणि एरवी रात्री लॅपटॉपवर इतरांनी टाकलेले फोटो नि नोंदी. पूर्वी ट्विटरच्या ट्वीटडेकवर शेजारी शेजारी कॉलम लावून ठेवायचे, एक हॅशटॅगचा, एक आपल्या यादीतल्या लोकांचा, एक पावसापाण्याचा, आणि ज्याने जेव्हा टाकलं त्याच क्रमाने सगळं दिसायचं. 2023 मध्ये ट्विटरचं एक्स झालं, ट्वीटडेकचं एक्स प्रो झालं आणि पैसे भरणाऱ्यांपुरतंच राहिलं, ती सोय गेली ती गेलीच. आता आमच्यातले बरेच जण मॅस्टोडॉनवर आहेत, काही ब्लूस्कायवर, दोन्ही एक्ससारखीच सोशल नेटवर्कं, टॅब उघडून उघडून जीव मेटाकुटीला येतो. एक फुकटचं ॲप टाकून बघितलं तर त्यात जोडाक्षरंच फुटतात. विंडोज आहे, रॅम 8 जीबी. मराठी धड दिसेल, कॉलम असतील आणि मशीन जड होणार नाही असं काही आहे का?

कट्टेकरी:
ताई, नवीन काही टाकायच्या आधी मॅस्टोडॉनच्याच सेटिंगमध्ये जा, तिथे ॲडव्हान्स्ड वेब इंटरफेस नावाचा पर्याय असतो त्यावर टिक करा. थेट कॉलमच येतात! हॅशटॅग शोधायचा, कॉलम पिन करायचा, आणि त्याच कॉलमच्या सेटिंगमध्ये अजून टॅग जोडता येतात, म्हणजे मराठी टॅग आणि इंग्रजी टॅग एकाच कॉलमात. मग एज ब्राउझरच्या मेनूतून ती साइट ॲप म्हणून इन्स्टॉल करा, वेगळी खिडकी मिळते, टास्कबारला पण पिन होते.

डबेवाला_लिनक्स:
फर्डियम बघा की, सगळ्या साइट एकाच खिडकीत डाव्या बाजूला रांगेत लागतात. फुकट आहे आणि ओपन सोर्स पण.

रानवाट:
फर्डियम चांगलंय पण 8 जीबीवर मी नाही सुचवणार, कारण त्यात प्रत्येक सर्व्हिस म्हणजे आतून एक क्रोमियमचं (क्रोम ज्यावर बनलंय त्या ब्राउझरचं) पानच असतं, चारपाच लावल्या की रॅम भरलीच. वापरायचंच असेल तर न वापरलेल्या सर्व्हिस झोपवायचा पर्याय आहे तो चालू ठेवा.

माझं मत विचाराल तर मॅस्टोडॉनसाठी फॅन्पी. ब्राउझरमध्येच चालतं, कॉलम लावता येतात, आणि त्यातलं कॅच-अप मला फार म्हणजे फारच आवडतं, गेल्या काही तासांत आपल्या लोकांनी काय काय टाकलं ते एकत्र करून देतं, माणसानुसार गट पाडता येतात, दिवसभर ऑफिसात असणाऱ्याला दुसरं काय पाहिजे. ब्लूस्कायसाठी डेक डॉट ब्लू, ट्वीटडेकची सवय असेल तर लगेच हात बसेल. फक्त तिथे तुमचा खरा पासवर्ड टाकू नका, ब्लूस्कायच्या सेटिंगमध्ये ॲप पासवर्ड तयार करता येतो तो द्या, नको झालं की रद्द करता येतो.

जोडाक्षरांचं म्हणाल तर फॉन्ट बदलून बहुतेक फरक पडणार नाही. चौकोन दिसत असते तर फॉन्ट नाही असं म्हटलं असतं, पण अक्षरं सुटी सुटी पडतात म्हणजे त्या ॲपला देवनागरी जुळवताच येत नाही. ब्राउझरच्या इंजिनवर चालणाऱ्या ॲपमध्ये ही भानगड सहसा येत नाही, म्हणून पण मी वेबवालीच सुचवतोय.

पाखरवेडी:
खूप आभार सगळ्यांचे!! कॉलम चालू केले, मस्त दिसतंय. पण मग एक्ससाठी असं बाहेरचं ॲप का नाही कोणी काढत?

रानवाट:
होती की, ट्वीटबॉट, ट्विटरिफिक, वर्षानुवर्षं लोकांनी वापरली. जानेवारी 2023 मध्ये कंपनीने बाहेरच्या ॲपचं दार बंद केलं आणि ती एका फटक्यात गेली. ट्वीटबॉटवाल्यांनी मग मॅस्टोडॉनसाठी आयव्हरी काढलं, ते ॲपलवर चालतं, तुमच्या कामाचं नाही. मॅस्टोडॉन ज्या ॲक्टिव्हिटीपबवर, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर, चालतं ते 2018 पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं खुलं मानक आहे, आणि बाहेरच्या ॲपना आत यायला लागणारं दार, म्हणजे एपीआय, पण मॅस्टोडॉनवाल्यांनी सगळ्यांना मोकळं ठेवलंय. म्हणून तिथे इतकी ॲप निघतात, एक नाही आवडलं तर दुसरं घ्या, खातं आणि माणसं तीच राहतात. नेटवर्क निवडताना हेच आधी बघावं असं मला मनापासून वाटतं.

कट्टेकरी:
आणि दोन्ही एकाच स्क्रीनवर हवी असतील तर विवाल्डी ब्राउझर घ्या, त्यात दोन टॅब निवडून शेजारी शेजारी लावता येतात. डावीकडे फॅन्पी, उजवीकडे डेक डॉट ब्लू. माझं असंच लावलेलं असतं.