तांब्यावर हुकमत असलेली नायिका: मर्यादा कशी दाखवू?

मदत हवी आहे. माझ्या कथेतली मुलगी पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत वाढलेली. हात न लावता ती तांबं वाकवते. पितळ, कासं नाही, फक्त शुद्ध तांबं. पण वायरी, मोटारी, सगळीकडे तांबंच, त्यामुळे ती अजिंक्य होते. दमणं, नाकातून रक्त येणं लिहून पाहिलं, उसनं वाटलं. मग सुचलं: ठोके देत गेलं की तांबं कडक होतं, लालसर तापवलं की पुन्हा मऊ पडतं. तिने वाकवलेलं तांबंही असंच तिचं ऐकेनासं होईल, भट्टी मिळेपर्यंत. ही कल्पना मला फार आवडलीय, सोडायची नाही. शरीरातलं तांबं (जेमतेम १०० मिलिग्रॅम) वापरायचं नाही.

हातोडी चालवलेल्यांनो, पत्रा आता तापवायलाच हवा, नाहीतर चिरणार, हे हाताला आणि कानाला नेमकं कसं कळतं?